‘ओ. के.’ची कुळकथा

हल्लीं घरांत वा वर्गांत कांहीं सांगितलें कीं मुलांच्या तोंडून ‘ओके’ हें उत्तर येतें. वडील मंडळींस तें उद्धटपणाचें वाटतें. मुलांस त्यांत वावगें असें कांहींच दिसत नाहीं. या तंट्याचा निवाडा करण्यापूर्वीं त्या शब्दाचें कुळ पाहणें इष्ट होय.

त्याविषयीं दंतकथा पुष्कळ. कोणी तो अमेरिकेंतील चोक्टॉ लोकांच्या भाषेंतला मानितात. कोणी म्हणतात, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांस शुद्धलेखन येत नसे, म्हणून ते कागदांवर हीं अक्षरें लिहीत. ही दुसरी कथा तर १८४० च्या निवडणुकीच्या धामधुमींत विरोधकांनीं उठविलेली थट्टा होय. गोड कथेपेक्षां तारखेचा कागद मला अधिक विश्वसनीय वाटतो. तो अॅलन वॉकर रीड या अमेरिकन भाषापंडितानें जुनीं वृत्तपत्रें चाळून शोधिला व १९६३-६४ सालीं आपल्या लेखांतून लोकांपुढें मांडिला.

ता. २३ मार्च १८३९ रोजीं ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या पत्रांत हीं अक्षरें छापलीं गेलीं. त्या काळीं तेथील पत्रकर्त्यांस शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें छापण्याचें वेड लागलें होतें. ‘ऑल करेक्ट’ यांतील पहिला शब्द ‘ओ’नें व दुसरा ‘के’नें लिहावयाचा, म्हणजे ‘सर्व बरोबर’ असें सांगणारे शब्दच चुकीचे! अशीं इतर बहुतेक अक्षरें लौकरच विस्मृतींत गेलीं. हीं मात्र तरलीं. कारण पुढच्याच वर्षीं मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हां अध्यक्षपदास उभे राहिले. ते किंडरहूक गांवचे, म्हणून त्यांच्या पक्षपात्यांनीं ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनांवाचीं हींच आद्याक्षरें आपली घोषणा केली. उमेदवार पडला, शब्द राहिला!

तेव्हां हा शब्द जन्मतः थट्टेखोर आहे, उद्धट नव्हे. त्यासाठीं मुलांस रागें भरणें मला पसंत नाहीं. माझा आक्षेप निराळाच आहे. ‘होय’, ‘बरें’, ‘समजलें’, ‘चालेल’, ‘करितों’ हीं आपलीं पांच निरनिराळीं उत्तरें; प्रत्येकाचें वचन वेगळें. ‘ओके’ या पांचांच्या जागीं एकटा बसतो. मित्रांच्या गप्पांत तें खपून जातें. परंतु आई दळण आणावयास सांगते, ‘ओके’ ऐकून निश्चिंत होते, आणि सायंकाळीं पिठाचा डबा रिकामाच! मुलगा म्हणतो, “मीं फक्त ऐकलें असें म्हटलें होतें.”