वेदनाशामकांचा संयोग : विवेक हवा

तीव्र वेदनेला अफूवर्गीय औषधच हवे, ही आपत्कालीन विभागांतील समजूत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाने सैल केली. हातापायांच्या वेदनेने आलेल्या ४१६ रुग्णांना आयबुप्रोफेन ४०० व पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम एकत्र, किंवा अफूवर्गीय औषधयुक्त संयोग देण्यात आले. दोन तासांनंतरच्या वेदनाशमनात लक्षणीय फरक आढळला नाही.

संयोग, मात्रा व काल यांचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. औषधांच्या कार्यपद्धती भिन्न असतील तरच संयोगाला अर्थ आहे, असे आम्ही मानतो. आयबुप्रोफेनच्या जोडीस डायक्लोफेनॅक दिल्याने जठर व वृक्क यांना होणारा धोकाच वाढतो. पॅरासिटामॉल तर अनेक नावांच्या गोळ्यांत दडलेले असते. प्रौढांसाठीची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृतास इजा पोहोचू शकते.

म्हणून वैद्यांनी कल्प देण्यापूर्वी व औषधविक्रेत्यांनी गोळी देण्यापूर्वी ‘काय घेतले, किती, केव्हा?’ हे विचारून लिहून ठेवावे. रुग्णास रुग्णालयात धाडताना ती नोंद सोबत द्यावी. छातीत वा उदरात अकस्मात तीव्र वेदना उद्भवल्यास मात्र शामकात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रवाना करावे, हेच वैद्यधर्माला धरून होईल.