‘तुझ्या आईला काय कळतंय!’

गेल्या वर्षी जूनमध्ये दुसरीच्या वर्गात मुलांची माहिती लिहून घेत होते. एका मुलाने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे एका दमात घडाघडा सांगितले. आईचे नाव विचारले तेव्हा तो म्हणाला, “आई.” वर्ग हसला. मी म्हटले, “अरे, घरात तिला काय म्हणून हाक मारतात?” त्याने बोटांवर मोजले. आजी सूनबाई म्हणते, आत्या वहिनी म्हणते, मामा ताई म्हणतो. “आणि बाबा?” “बाबा ‘अगं’ म्हणतात.” एवढे सांगून, आपले काहीतरी चुकले असावे अशा समजुतीने तो खाली बसला. चुकले काहीच नव्हते. घरात जे कानांवर पडले होते तेच त्याने सांगितले होते.

आईबापांनी मुलांसमोर एकमेकांचा उल्लेख कसा करावा, हा विषय निघाला की दोन पक्ष हटकून बाह्या सरसावतात. पहिला पक्ष ‘अहो’वाल्यांचा. नवरा नावाने हाक मारण्याची वस्तू नव्हे, ‘अहो’मधला गोडवा तुम्हां शिकलेल्या बायकांना कळावयाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष सुधारकांचा. बायकोने नवऱ्याला ‘अरे’ म्हटले की समता उंबरा ओलांडून आत आली, अशी त्यांची भाबडी श्रद्धा. माझे भांडण या दोघांशीही आहे.

‘अहो’शी माझे वैर नाही. माझ्या आजोबांचे नाव नारायण. आजी आयुष्यभर सत्यनारायणाला ‘ती पूजा’ म्हणत आली, आणि तरीही घरात तिच्या शब्दाबाहेर जाण्याची आजोबांची टाप नव्हती. आपल्याकडे नवऱ्याला ‘इकडून’ म्हणून झाले, ‘स्वारी’ म्हणून झाले. धनी, मालक, कारभारी, कोकणात घो. पुरुषही काही मागे राहिले नाहीत. त्यांनी एकट्या बायकोला ‘कुटुंब’ केले, ‘मंडळी’ केले, आणि अगदीच लाडात आले तेव्हा ‘खटले’! बायका आदराच्या आड लपल्या, पुरुष गर्दीच्या आड लपले, एवढाच काय तो फरक. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्या नवऱ्याचे नाव टाळून सर्वनामांवर भागवतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यांत त्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. म्हणून रमाबाईंचा कणा लक्ष्मीबाईंपेक्षा मऊ होता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? (जाता जाता एवढे सांगावेसे वाटते की, रमाबाई माहेरच्या यमुना आणि लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका. नवऱ्याचे नाव घ्यावे की न घ्यावे याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. पण तांदळाच्या ताटात बायकोचे नाव पुसून नवे लिहिले जात होते, त्याची कितीशी केली?)

तेव्हा हाकेचा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. खरा प्रश्न त्या वाक्याचा आहे, जे नवरा बायकोशी बोलत नाही, बायको नवऱ्याशी बोलत नाही, तर दोघेही मुलाच्या डोक्यावरून एकमेकांकडे फेकतात. विजेचे बिल, बँकेचे पासबुक, मोबाइलचे रिचार्ज. काहीही निमित्त पुरते. “तुझ्या आईला काय कळतंय!” हे रागाने म्हटलेले नसते. हसत म्हटलेले असते, आणि म्हणूनच ते मुलाच्या मनात जाऊन बसते. रागाचे बोलणे मूल विसरते. थट्टा मात्र त्याला खरी वाटते, कारण त्या थट्टेला आईसुद्धा हसलेली असते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे प्रगतिपुस्तक सही होऊन यायला आठ दिवस लागले. बाप नोकरीनिमित्त परगावी, शनिवार-रविवार घरी. आई दिवसभर घरात, शिकलेली, पदवीधर. मी विचारले, आईची सही का नाही आणलीस? तो माझ्याकडे नवलाने पाहू लागला. “बाई, ती आईला कशी दाखवायची? तिला नाही कळत त्यातलं.” त्या बाईंना मी पालकसभेत पाहिले आहे. गणिताच्या पुस्तकातील एक चूक त्यांनीच माझ्या नजरेस आणून दिली होती.

आता बायकांचेही बोलते. “येऊ देत तुझ्या बाबांना, मग बघ!” हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले जात नाही? संध्याकाळी दमून घरी येणारा माणूस पायताण काढण्यापूर्वीच फौजदार होतो. गुन्हा त्याने पाहिलेला नसतो, फिर्याद त्याने ऐकलेली नसते; शिक्षा मात्र त्याच्या नावे जाहीर झालेली असते. पुढे हाच मुलगा बापाशी बोलत नाही म्हणून आपण हळहळतो. आणि षष्ठी विभक्तीची आपली कसरत तर पाहण्यासारखी आहे. मुलीने बक्षीस आणले की ती ‘माझी मुलगी’. तिनेच काचेचे भांडे फोडले की ‘बघा, तुमची लेक!’

‘माझी आई’ आणि ‘माझे बाबा’ हे निबंध मी वर्षानुवर्षे तपासते. आई येते, बाबा येतात. आई सांगते, बाबा सांगतात. एकवचनात जवळीक आहे आणि अनेकवचनात आदर, हे मला मान्य आहे. पण जवळीक एकीच्याच वाट्याला आणि आदर एकाच्याच, अशी कायमची वाटणी कोणी करून ठेवली? शहरांत हल्ली मुले बापालाही ‘अरे बाबा’ म्हणतात, म्हणून सुधारकांना समाधान वाटते. वाटू दे. अशाच एका घरात, जिथे नवराबायको एकमेकांना नावाने हाक मारतात, तिथे जेवताना तो माणूस मुलाला डोळा मारून म्हणाला, “विचार तुझ्या आईला, भारताचे अर्थमंत्री कोण!” मूल खदखदून हसले. तिथे ‘अहो’ नव्हते. पण बाकी सगळे जुनेच होते.

हे सारे मी शहाणपणाने लिहीत आहे असे वाचकांनी समजू नये. एकदा आमच्या घरात चार दिवस अबोला होता. कारण इतके क्षुल्लक की आज ते दोघांनाही आठवत नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. एकाच खोलीत बसून मी तिच्यातर्फे निरोप धाडीत असे, आणि पलीकडून तिच्यातर्फेच उत्तर येई. तिसऱ्या दिवशी रात्री मी ताट वाढून तिला म्हटले, “सांग तुझ्या बाबांना, जेवायचं असेल तर जेवा म्हणावं.” ती बाहेर गेली. मी दाराआड उभी होते. ती म्हणाली, “बाबा, आई म्हणते, तुमच्यासाठी थांबलेय, चला ना.” थोड्या वेळाने परत येऊन मला म्हणाली, “बाबा म्हणाले, भाजी छान झालीय.” तोवर त्यांनी भाजीला हातही लावलेला नव्हता.

पोर दोन्हीकडून खोटे बोलत होते. तीन दिवस बोलत होते, आणि आम्हां दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. वर्गात मी मुलांना खोटे बोलू नये असे शिकवते!

यावर कोणी म्हणेल, एवढे मनाला लावून घेतले तर घरात हसणेखेळणे बंद होईल. होणार नाही. थट्टा जरूर करा. पण जिची करायची तिच्याकडे पाहून करा, मुलाकडे पाहून नको. तिला उलटून बोलू द्या. भांडायचे तर समोरासमोर भांडा. बायकोचे चुकले तर ते तिच्या नावासकट तिला सांगा. मुलाला त्यात साक्षीदार, पंच आणि टपाल्या करू नका.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय केला की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. चांगला निर्णय आहे. ती मुले २०३० च्या सुमारास आमच्याकडे पहिलीत येतील, आणि हजेरीपत्रकावर आईचे नाव बापाच्या आधी लिहिताना माझा हात खचित सुखावेल. पण सरकारचा कायदा कागदापर्यंत. जेवणाच्या ताटापर्यंत तो पोचत नाही.

तो दुसरीतला मुलगा दुसऱ्या दिवशी वेळेआधी वर्गात आला. आईचे नाव त्याने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. मी विचारले, “आईने सांगितलं?” तो म्हणाला, “नाही बाई. ती कामात होती. रेशनकार्डावर पाहून आलो.”