कृत्तिकांचे वय कसे ठरते?

यवतच्या आठवडे बाजारात शेळी घेणारा आधी तिचे तोंड उघडून पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती... जन्माची नोंद कुठेच नसली तरी वय कळते. मात्र एकदा सगळे दात जुळले की दातांवरून फारसे काही सांगता येत नाही. जनावर पाच वर्षांचे की आठ, हे मग घेणाऱ्याच्या अंदाजावर. ताऱ्यांचे वय काढणाऱ्या शास्त्रज्ञांची अडचण थोडी अशीच आहे. त्यांच्याकडे खुणा आहेत, पण प्रत्येक खूण ठराविक वयापर्यंतच उपयोगी पडते.

हा विषय पुन्हा चर्चेत आला तो कृत्तिकांमुळे. हिवाळ्यात रात्री जवळजवळ डोक्यावर येणारा हा झुबका गावाकडच्या अंधारात सहज दिसतो. तो सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवून दिले, की हा झुबका म्हणजे एका मोठ्या, विखुरत चाललेल्या कुटुंबाचा फक्त गाभा आहे. कुटुंबाचा पसारा आधीच्या समजुतीपेक्षा सुमारे २० पट मोठा असून त्यात तीन हजारांहून अधिक तारे आहेत. ही दुरावलेली भावंडे ओळखली ती दोन गोष्टींवरून: त्यांची अवकाशातील चाल आणि स्वतःभोवती फिरण्याचा वेग. तरुण तारा भरभर गिरक्या घेतो, वय वाढते तसा मंदावतो. ‘टेस’ दुर्बिणीने गिरक्या मोजल्या, ‘गाइया’ यानाने चाल.

पण मुळात कृत्तिकांचे वय ठरले कसे? जुनी पद्धत मोठ्या ताऱ्यांवर बेतलेली आहे. वजनदार तारा आपले इंधन उधळपट्टीने जाळतो आणि लवकर म्हातारा होतो. समूहात किती वजनाचे तारे म्हातारपणाकडे झुकलेत, हे पाहून साऱ्या समूहाचे वय काढता येते. या हिशेबाने कृत्तिका साडेसात ते दहा कोटी वर्षांच्या मानल्या जात. मग लिथियमची पद्धत आली. लहान ताऱ्याच्या पोटातील तापमान साधारण २५ लाख अंशांवर गेले, की त्यातले लिथियम जळून जाते. तारा जितका हलका, तितका त्याला तिथवर पोहोचायला उशीर. म्हणून समूहात लिथियम शिल्लक असलेले आणि संपलेले तारे यांच्यात एक सीमा दिसते, आणि काळाबरोबर ती सरकत जाते. या सीमेने १९९८ मध्ये कृत्तिकांचे वय साडेबारा कोटींवर नेले. २०१५ च्या फेरतपासणीत ते सुमारे ११ कोटी २० लाख निघाले.

आकडा कोणताही धरा, यवतच्या दक्षिणेला ज्या डोंगरावर भुलेश्वराचे देऊळ उभे आहे, त्या दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कृत्तिका वयाने मोठ्या आहेत. तो पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तरीही ४५७ कोटी वर्षांच्या सूर्यापुढे त्या कोवळ्याच.

सप्तर्षींची गोष्ट आणखी गमतीची. सातही ऋषी एका घरचे नाहीत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे मधले पाच एकत्र जन्मलेले. टोकाचे क्रतू आणि मरीची पाहुणे. पाचांची चाल एक आहे हे रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्येच टिपले होते. यांच्यासारखे तारे इतक्या वेगाने फिरतात, की मध्यावर फुगून चपटे होतात आणि वयाचा हिशेब चुकवतात. २०१५ मध्ये तो चपटेपणा प्रत्यक्ष मोजून हिशेब केल्यावर वय आले ४१ कोटी ४० लाख वर्षे, दोन-सव्वादोन कोटी इकडे-तिकडे.

या इकडे-तिकडेने काय बिघडते? खूपच. अगस्त्याच्या शेजारी, दक्षिण क्षितिजाजवळ बीटा पिक्टोरिस नावाचा फिकट तारा आहे, सुमारे ६३ प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवतीचा ग्रह दुर्बिणीच्या थेट छायाचित्रात टिपला गेला आहे. असा ग्रह जन्मतः तापलेला असतो आणि हळूहळू निवतो, म्हणून त्याच्या उजेडावरून वस्तुमान काढताना वय माहीत असावेच लागते. त्याच उजेडाचा ग्रह वयस्क निघाला तर तो अधिक वजनदार ठरतो. आणि बीटा पिक्टोरिसच्या समूहाचे वय २००१ मध्ये १ कोटी २० लाख वर्षे सांगितले गेले, तर लिथियमच्या सीमेने २०१४ मध्ये ते २ कोटी १० लाख निघाले. जवळजवळ दुप्पट.

तिसरा मार्ग उलट्या पावलांचा. ताऱ्यांची आजची चाल मागे मागे नेत ते सर्वांत जवळ कधी होते हे पाहायचे. यात ताऱ्याच्या पोटातील घडामोडी गृहीत धराव्या लागत नाहीत, पण काही कोटी वर्षांपलीकडे हिशेब भरकटतो. या मार्गाने २०२० मध्ये त्याच समूहाचे वय १ कोटी ८५ लाख आले. हा फरक चुकीचाच असतो असे नाही. जवळच्या सहा तरुण समूहांवरील २०२३ च्या अभ्यासात उलट्या पावलांचे वय, ताऱ्यांच्या उजेड आणि रंगावरून काढलेल्या वयापेक्षा सरासरी ५५ लाख वर्षांनी कमी भरले. संशोधकांच्या मते पहिले घड्याळ भावंडे घर सोडून निघाल्यापासून चालते आणि दुसरे तारा घडल्यापासून. मधली ५५ लाख वर्षे ती वायूच्या ढगाने बांधलेली, एकत्र असतात. हे खरे असेल तर घड्याळांमधील तफावतच एक मोजमाप ठरते. मात्र सहा समूह हा पुरावा थोडा आहे.

‘गाइया’ने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली. त्याच्या पुढच्या, अधिक अचूक नोंदी डिसेंबर २०२६ मध्ये खुल्या करण्याचे युरोपीय अंतराळ संस्थेचे नियोजन आहे. त्या साऱ्या जगाला विनामूल्य मिळतील. पुण्याच्या आयुकातील संशोधकाला जितक्या, तितक्याच दौंडच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीलाही.