रॅम महागली, आता गेमिंग पीसीसाठी प्रोसेसर निवडायचा कसा?

"दादा, गेमिंग पण करायचंय आणि बाकीची कामं पण. आय५ घेऊ, आय७ घेऊ की रायझन?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, की त्याचं उत्तर तोंडपाठ झालं होतं. बजेट विचारायचं, दोन नावं सांगायची, विषय संपला. पण २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत ते पाठ केलेलं उत्तर चालेनासं झालं. प्रोसेसर फारसे बदललेले नाहीत. बदललाय त्यांच्या शेजारी बसणाऱ्या रॅमचा भाव.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आज डेस्कटॉपचा प्रोसेसर निवडताना "कोणता सगळ्यात फास्ट?" हा पहिला प्रश्न नाही. "याच्यासोबत मला कोणती रॅम घ्यावी लागेल, आणि ती घेतल्यावर ग्राफिक्स कार्डसाठी किती पैसे उरतील?" हा पहिला प्रश्न आहे. असं का, ते एकेक करून बघू.

रॅमचं नेमकं झालं काय?

जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. ती बनते त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर, ज्यांना वेफर म्हणतात. मायक्रॉनने स्वतःच सांगितलंय, की तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे एआयसाठी १ जीबी बनली, की आपल्या पीसीच्या वाट्याची जवळपास ३ जीबी बनायची राहिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके या दोघांशी मेमरी पुरवठ्याचा करार जाहीर केला. त्यात लक्ष्य ठेवलंय दरमहा ९ लाख वेफरचं. त्यानंतर ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने सांगितलं, की सामान्य ग्राहकांसाठीचा त्यांचा 'क्रुशियल' ब्रँड आता बंद होणार. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पीसी बसवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत आहे. कारण काय दिलं? एआय डेटा सेंटरमुळे मेमरीची मागणी वाढलीय, म्हणून मोठ्या ग्राहकांकडे लक्ष द्यायचंय. सरळ भाषेत सांगायचं तर तुमच्या-माझ्यासारखं एकेक स्टिक घेणारं गिऱ्हाईक आता त्यांना परवडत नाही.

फोनवाल्यांनीही हसू नये. फोनमधली एलपीडीडीआर रॅम याच कारखान्यांतून येते. पुढचा फोन घेताना तेवढ्याच पैशांत कमी रॅम दिसली, तर कारण हेच असेल.

प्रोसेसर आणि रॅमची गाठ

फोनमध्ये चिप आणि रॅम कंपनीने आधीच ठरवलेली असते, आपण फक्त रंग निवडतो. डेस्कटॉपमध्ये तसं नाही. प्रोसेसर ठरला की मदरबोर्डचा सॉकेट ठरतो, आणि तिथून रॅमही ठरते.

एएमडीचा जुना सॉकेट एएम४. त्यावर रायझन ५ ५६०० सारखे प्रोसेसर बसतात आणि डीडीआर४ रॅम लागते. एएमडीचा नवा सॉकेट एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यावर रायझन ७०००, ८००० आणि ९००० मालिका बसतात, आणि रॅम फक्त डीडीआर५.

इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचा सॉकेट एकच, एलजीए१७००. यात डीडीआर४ चे बोर्डही मिळतात आणि डीडीआर५ चेही, म्हणजे निवड तुमची. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला मात्र नवा सॉकेट लागतो, आणि तिथेही फक्त डीडीआर५.

आता मजा बघा. तुमच्या जुन्या पीसीत १६ जीबी डीडीआर४ पडलेली असेल, तर ती आज घरातला ऐवज आहे. ती वापरता येईल असा प्रोसेसर घेतला, तर वाचलेले पैसे थेट ग्राफिक्स कार्डात जातात. पण सगळंच नवीन घ्यायचं असेल, तर डीडीआर४ स्वस्त पडेल असं धरून चालू नका. कंपन्या तिचं उत्पादन कमी करत आल्यात, म्हणून तिचेही भाव चढलेत. दोन्हींचे भाव त्याच दिवशी विचारून मगच ठरवा.

गेमिंगला काय लागतं?

खूप जणांना वाटतं, कोअर जास्त म्हणजे गेम जास्त भारी. फोनच्या जाहिरातींनी 'ऑक्टाकोर' शब्द डोक्यात बसवलाय, त्याचा हा परिणाम. गेम बहुतेक वेळा सगळे कोअर सारखे वापरत नाही. त्याला थोडेच पण वेगवान कोअर लागतात, आणि लागणारी माहिती पटकन हाताशी यावी लागते. ही हाताशी असलेली जागा म्हणजे प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी. तिथे माहिती सापडली नाही, की प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्यात फ्रेम अडखळते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एएमडीचेच दोन प्रोसेसर आहेत. रायझन ७ ९७००एक्स आणि रायझन ७ ९८००एक्स३डी. दोघांत ८ कोअर, दोघांत १६ थ्रेड, पिढीही एकच. पण पहिल्याची एल३ कॅश ३२ एमबी आणि दुसऱ्याची ९६ एमबी. गेमिंगमध्ये दुसरा बऱ्याच ठिकाणी पहिल्याला स्पष्ट मागे टाकतो. अमेरिकेत येताना पहिल्याची किंमत ३५९ डॉलर होती, दुसऱ्याची ४७९. हा फरक मुख्यतः कॅशचा.

याच्या उलट उदाहरण इंटेलचं. कोअर अल्ट्रा ९ २८५के नवा, वीज कमी खाणारा. पण गेमिंगमध्ये तो आधीच्या १४९००के च्या पुढे गेला नाही, कित्येक गेममध्ये मागेच राहिला. तेव्हा नवीन पिढी म्हणजे जास्त एफपीएस, हे समीकरणही डोक्यातून काढा.

आता एक गोष्ट, जी रिव्ह्यू बघताना हमखास निसटते. प्रोसेसरच्या रिव्ह्यूमध्ये बहुतेक वेळा बाजारातलं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम १०८०पी ठेवतात. यात फसवणूक काही नाही. प्रोसेसरमधला फरक उघडा पडावा, म्हणून तसं करावंच लागतं. पण तुमच्याकडे आरटीएक्स ३०५० किंवा ४०६० असेल, तर आलेखातला तो फरक घरी दिसणार नाही. जड ग्राफिक्सच्या गेममध्ये कार्डच आधी दमतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या हलक्या गेममध्ये हे उलटं होतं, तिथे प्रोसेसर जास्त मोजला जातो. म्हणून आधी स्वतःचे गेम कोणते ते लिहून काढा, मग रिव्ह्यू बघा.

आणि मल्टिटास्किंग?

हा शब्द दुकानदारांचा लाडका आहे, कारण त्यावर महागडा प्रोसेसर विकता येतो. पण बहुतेकांचं मल्टिटास्किंग म्हणजे काय? गेम चालू, मागे डिस्कॉर्ड, ब्राउझरमध्ये २० टॅब, एखादं गाणं आणि डाउनलोड. यातल्या टॅबना प्रोसेसर फारसा लागत नाही, रॅम लागते. रॅम भरली की विंडोज एसएसडीवरची जागा रॅमसारखी वापरायला लागतं, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपासही नसते. तुम्ही म्हणता "पीसी हँग झाला" आणि दोष जातो प्रोसेसरला.

स्ट्रीमिंगचंही तसंच. आजच्या ग्राफिक्स कार्डांत व्हिडिओ एन्कोड करायला वेगळा भाग असतो. ओबीएसमध्ये तो पर्याय निवडला, की प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो.

मग ८ किंवा जास्त कोअर कोणाला लागतात? ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्यांना, मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना, अँड्रॉइड स्टुडिओत काम करणाऱ्यांना आणि एकाच वेळी दोन-तीन इम्युलेटर चालवणाऱ्यांना. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये २० कोअर आहेत, ८ मोठे आणि १२ छोटे. असल्या कामाला ते खरंच उपयोगी पडतात. गेम आणि टॅब एवढंच असेल, तर त्यातले बरेच रिकामे बसतील.

एक कोटेशन, उदाहरणासाठी

माझ्या मावसभावाला कॉलेजसाठी पीसी हवा होता. घरच्यांनी एफडी मोडून पैसे दिलेले. एका दुकानदाराने दिलेलं कोटेशन त्याने मला पाठवलं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत आय७, खाली बारीक अक्षरांत ८ जीबी रॅमची एक स्टिक, आणि ग्राफिक्स कार्ड "नंतर टाकता येईल". म्हणजे अर्ध्या पैशांचा प्रोसेसर, आणि गेम चालायला लागतं तेच नाही.

आम्ही ते उलटं केलं. प्रोसेसर ६ कोअरचा, रॅम १६ जीबी, आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. एकूण रक्कम तीच. घरच्यांना "आय७ का नाही?" हे समजावताना वेळ गेला, कारण आपल्याकडे अजून आय५ म्हणजे मधला आणि आय७ म्हणजे चांगला, असंच मानतात. पण पिढी न बघता त्या आकड्याला काही अर्थ नाही. २०१३ चा आय७-४७७० आजच्या साध्या ६ कोअरच्या प्रोसेसरपुढे टिकत नाही.

मग घ्यायचा कोणता?

बजेट घट्ट असेल आणि डीडीआर४ रॅम आधीच असेल, तर रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ. दोघांत ६ कोअर, १२ थ्रेड. इथे एक काळजी घ्या: रायझन ५ ५५०० नावाने जवळचा वाटतो, पण त्यात एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि पीसीआय एक्सप्रेसही ३.० आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ४.० मिळतं.

सगळं नवीन घेताय आणि पुढची ४-५ वर्षं काढायचीत, तर एएम५ वर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं सांगितलंय. एएम४ वर पहिले रायझन २०१७ मध्ये आले आणि २०२४ मध्येही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघाले, तेव्हा या शब्दावर विश्वास ठेवायला जागा आहे. आज साधा प्रोसेसर घ्या, रॅम उतरली की वाढवा, नंतर त्याच बोर्डवर एक्स३डी बसवा.

नावाच्या शेवटी एफ असेल, तर आतमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहील. कार्ड नंतर घेणार असाल, तर एफ टाळा.

सेकंड हँड घेताना

रॅम महागली की जुन्या मालाला गिऱ्हाईक वाढतं, आणि तिथेच नीट बघावं लागतं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष होता. चुकीच्या व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब व्हायची. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून दुरुस्ती आली, आणि इंटेलने अशा बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी ३ वर ५ वर्षं केली. पण जी चिप आधीच खराब झालीय, ती अपडेटने बरी होत नाही. जुना आय७-१३७००के किंवा आय९ स्वस्तात मिळत असेल, तर बिल आणि वॉरंटी तपासल्याशिवाय हात लावू नका. १२व्या पिढीत हा दोष नाही.

दुसरं, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून चालतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. "आय७, एकदम कंडिशनमध्ये" म्हणून चौथ्या पिढीचा पीसी घेतला, तर गेम उघडतानाच अडकाल.

तिसरं, नवीन घेतानाही बॉक्स की ट्रे, हे विचारा. ट्रे प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यासोबत कूलर नसतो आणि वॉरंटीसाठी दुकानदाराच्याच मागे लागावं लागतं.

रॅमचे भाव कधी उतरतील याची वाट बघत बसायचं का? पीसीशिवाय अडत नसेल, तर थांबायला हरकत नाही. पण कॉलेज सुरू झालंय, प्रोजेक्ट जमा करायचाय, तर लागेल तेवढंच घ्या, फक्त वाढवायची वाट उघडी ठेवा. चार रॅम स्लॉटचा बोर्ड परवडत असेल तर तो घ्या. दोनच स्लॉट असतील, तर १६ जीबीची एकच स्टिक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवता येतो. एका स्टिकवर गेममध्ये थोडे एफपीएस कमी मिळतील, पण पुढे दोन्ही स्टिक काढून विकायची वेळ येणार नाही. आणि दुकानात कोटेशन हातात आलं, की आधी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची ओळ वाचा. ती पटली, तरच प्रोसेसरच्या नावाकडे वळा.