रिकामी खुर्ची आणि राखणदार बाई

एखाद्या आमदाराचे निधन होते किंवा तो राजीनामा देतो आणि विधानसभेतली एक जागा रिकामी होते. मग पोटनिवडणूक लागते. वर्तमानपत्रे तिला 'प्रतिष्ठेची लढत' म्हणतात, मंत्र्यांच्या गाड्या धुरळा उडवत गावोगाव फिरतात आणि निकालानंतर चार दिवसांत सगळे शांत होते. या धामधुमीत बायका कुठे असतात? सभेला गर्दी म्हणून, दारात औक्षणाचे ताट घेऊन, मतदानाच्या रांगेत, आणि कधी कधी थेट उमेदवार म्हणूनही. या अंकात आपण त्या उमेदवार बाईबद्दल आणि त्या रांगेबद्दल बोलू.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या विधानसभा पोटनिवडणुकांतून निवडून आलेल्या स्त्रियांची नावे समोर ठेवा. २०१५च्या एप्रिलमध्ये तासगाव-कवठेमहांकाळमधून सुमन पाटील आणि वांद्रे पूर्वमधून तृप्ती सावंत. २०२२च्या एप्रिलमध्ये कोल्हापूर उत्तरमधून जयश्री जाधव, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अंधेरी पूर्वमधून ऋतुजा लटके. २०२३च्या फेब्रुवारीत चिंचवडमधून अश्विनी जगताप. पक्ष वेगळे, गावे वेगळी, पण वाट एकच. या पाचही जणींचे पती त्याच जागेवर आमदार होते आणि त्यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती.

या बायकांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दुःखाचे दिवसही सरलेले नसताना प्रचाराला बाहेर पडणे, हजारोंच्या सभेत उभे राहून बोलणे सोपे नसते. वांद्रे पूर्वमध्ये तृप्ती सावंत यांच्यासमोर माजी मुख्यमंत्री नारायण राणे उभे होते, आणि त्या जिंकल्या. प्रश्न पक्षांना विचारायचा आहे. एरवी उमेदवारीसाठी 'लायक बाई मिळत नाही' म्हणणाऱ्या पक्षाला नवरा गेल्यावर महिनाभरात लायक बाई कशी सापडते? आणि पुढच्या निवडणुकीत तिची लायकी कुठे जाते?

पुढे काय झाले ते पाहा. तृप्ती सावंत यांना २०१९ साली त्यांच्या पक्षाने उमेदवारी दिली नाही, त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि हरल्या. चिंचवडला २०२४ साली उमेदवारी अश्विनी जगताप यांच्याऐवजी त्यांच्या दिरांना मिळाली. कोल्हापूर उत्तरमध्येही त्याच वर्षी पक्षाने जयश्री जाधव यांना पुन्हा उभे केले नाही. सुमन पाटील २०१९ साली पुन्हा निवडून आल्या खऱ्या, पण २०२४ साली ती जागा मुलाकडे गेली. ऋतुजा लटके यांना २०२४ मध्ये उमेदवारी मिळाली, त्या लढल्या आणि पराभूत झाल्या. शेताच्या बांधावर राखणदार बसवावा, धनी आला की राखणदाराने उठून जावे, तसे हे चालते. सहानुभूतीची मते घराण्याची जागा टिकवण्यापुरती लागतात. जागा टिकली की बाईचे काम संपले.

अंधेरीची कथा तर मुळातून वाचावी अशी आहे. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. निवडणूक लढवायची तर नोकरीचा राजीनामा मंजूर व्हायला हवा होता, आणि तो मंजूर होईना. अखेर त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे अर्ज भरण्याची वाट मोकळी झाली. स्वतःची नोकरी सोडण्यासाठी बाईला कोर्टाची पायरी चढावी लागते, हे ज्या राज्यात घडले त्याच राज्यातल्या पुढाऱ्यांना मग 'महाराष्ट्राची राजकीय संस्कृती' आठवली आणि मुख्य विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतला. मतदान झाले जेमतेम ३१.७४ टक्के. लटके यांच्याखालोखाल मते पडली ती 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला, १२,८०६. बिनविरोधाचा आग्रह दिसायला उदार दिसतो. पण त्यात मतदाराचा निवडीचा हक्कही जातो आणि उमेदवार बाईची स्वतःच्या बळावर जिंकून दाखवण्याची संधीही जाते.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. पुण्याच्या कसबा पेठेतल्या आमदार मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले. चिंचवडबरोबर एकाच दिवशी, २६ फेब्रुवारी २०२३ला तिथे मतदान झाले. बाईच्या रिकाम्या जागेसाठी दोन्ही प्रमुख उमेदवार पुरुष होते. घराण्यातच उमेदवारी द्यावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण पुरुष गेला की त्याच्या बायकोला पुढे करायचे आणि बाई गेली की दुसरी कार्यकर्ती शोधायचीही नाही, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. कार्यकर्त्या नाहीत असे कोण म्हणेल? पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर १९७७ साली मुंबईतून लोकसभेत गेल्या, त्या चळवळीच्या बळावर. ती वाट बुजलेली नाही, पक्षांनी ती वापरायचे सोडले आहे. म्हणूनच २०२४च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर स्त्रिया निवडून आल्या त्या फक्त २१.

आता हे सारे शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीतून पाहू. मुंबई-पुण्याच्या पोटनिवडणुकांशी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाचे काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. पण एका पोटनिवडणुकीचा परिणाम किती वर्षे टिकतो याचे सगळ्यात मोठे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. १९८१ साली सुरूपसिंग नाईक यांनी लोकसभेची जागा सोडल्यावर नंदुरबारला पोटनिवडणूक झाली आणि माणिकराव गावित निवडून आले. त्यानंतर २००९पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत तेच जिंकले. एकूण नऊ वेळा. मधल्या काळात, १९९८ साली, धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, पण खासदार बदलला नाही. १९८१ साली ज्या मुली जन्मल्या त्या बत्तीस-तेहतीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी दुसरा खासदार पाहिला नाही. २०१४ साली हीना गावित यांनी त्यांचा पराभव केला. जिल्ह्याला बाई खासदार मिळाली याचा आनंद आहेच, पण त्याही इथल्या मोठ्या राजकीय घरातल्या, माजी मंत्र्यांची कन्या. विधानसभेच्या इथल्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि २०२४ साली त्या चारही जागांवर पुरुष निवडून आले. म्हणजे 'मधल्या काळासाठी' म्हणून झालेली निवडणूक एका पिढीचे राजकारण ठरवून गेली. तिला किरकोळ समजून घरी बसणे आपल्याला परवडणारे नाही.

अलीकडचा अनुभवही आहे. जानेवारी २०२०मध्ये नंदुरबार जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेता येणार नाही असा निकाल दिला आणि इतर मागासवर्गीयांच्या जागांवर निवडून आलेल्यांचे सदस्यत्व वर्ष-सव्वा वर्षात गेले. नंदुरबार जिल्हा परिषदेच्या अकरा जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा मतदान झाले, या वेळी सर्वसाधारण प्रवर्गातून. आरक्षणाचे गणित सरकारने आधी नीट मांडले नाही, त्याची किंमत निवडून आलेल्यांनी मोजली. घर, शेत, सासर या सगळ्यांशी झगडून पहिल्यांदा सभागृहात बसलेल्या बाईची जागा अशी मध्येच गेली, तर ती पुन्हा उभी राहण्याचे बळ कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट तारखेची आहे. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ पासून लिहिले आहे. मुदत वर्षभराहून कमी उरली असेल तर सूट आहे. ही सूट कशी लागते ते अकोला पश्चिमने पाहिले. तिथल्या आमदारांचे नोव्हेंबर २०२३मध्ये निधन झाले, २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीखही ठरली, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती निवडणूक रद्द केली आणि मतदारसंघ वर्षभर आमदाराविना राहिला. सहा महिन्यांच्या या मुदतीत नेमका दिवस ठरवताना मात्र आपल्या बायकांचा विचार कुणी करत नाही. नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल पुरुषाच्या हातात पडते आणि बाईचे श्रम त्या कोयत्यात विरघळून जातात. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला पोटनिवडणूक लागली तर ही बाई मतदान केंद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर फडात असते. सैनिकाला टपालाने मत देता येते, हिला नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी द्यावी असा कायदा आहे, पण एका दिवसाच्या सुटीत फडातून गावी येऊन परत जायचे कसे आणि त्या भाड्याचे पैसे कुणी द्यायचे? मुकादमाने गाडी केली तर मुकादम सांगेल ते बटण दाबावे लागते.

मैत्रिणींनो, तक्रार मांडून थांबणे आपल्या चळवळीच्या स्वभावात नाही. १९७२-७३मध्ये याच शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. तेव्हा त्यांना कोणत्याही पक्षाची उमेदवारी नव्हती. आज निवडणूक लागली की तीच दारू वाड्यावस्तीवर पोचते. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद ठेवण्याचा कायदा आहे. तो पाळला जातो का, यावर महिला मंडळांनी नजर ठेवली तर पोलीसही जागे राहतील.

दुसरे काम मतदार यादीचे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत अडकलेले असते, आडनाव बदललेले असते आणि मतदानाच्या दिवशी ती रांगेतून परत फिरते. अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही. म्हणून पोटनिवडणुकीची चाहूल लागताच गल्लीगल्लीत यादी वाचून दाखवा. नव्या नावासाठी सहा नंबरचा आणि पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपासून सुरुवात करा.

तिसरे, प्रश्न विचारा. पोटनिवडणुकीत सरकारचे आणि विरोधकांचे सगळे लक्ष एकाच मतदारसंघावर असते. एरवी मुंबईला जाऊनही न भेटणारे मंत्री तेव्हा आपल्या चौकात येतात. त्यांच्यापुढे साड्या आणि हळदीकुंकवाची वाणे घेण्यासाठी रांग लावायची की ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठरवलेल्या मागण्यांचा कागद ठेवायचा, हे आपण ठरवायचे आहे. आरोग्य केंद्रात डॉक्टर, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळा, स्थलांतरितांना मतदानाची सोय, बाईच्या नावे रोजगार हमीची मजुरी. आणि उमेदवार बाई असेल तर तिला तिच्या दुःखाबद्दल विचारू नका, तिच्या कामाबद्दल विचारा. तिच्या पक्षाला विचारा, की पुढच्या वेळीही तुम्ही हिलाच उभे करणार का?

सप्टेंबर २०२३मध्ये संसदेने विधानसभा आणि लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. अनुसूचित जमातींच्या राखीव जागांतही तो वाटा आहे, म्हणजे नंदुरबारच्या जागाही त्यात येतात. जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट त्या दुरुस्तीलाच जोडलेली आहे. पण पंचायतीत १९९३पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या जागा मिळूनही कित्येक ठिकाणी 'सरपंचपती' कारभार करतो, हे आपण पाहिले आहे. आरक्षण आले तरी घराण्याने बसवलेली बाई आणि लोकांतून आलेली बाई यांतला फरक कायदा करू शकणार नाही. तो मतदार बायकांनाच करावा लागेल.

तुमच्या गावात ग्रामपंचायतीची का होईना, पोटनिवडणूक झाली असेल तर तिची हकिकत आम्हाला लिहून पाठवा. जागा का रिकामी झाली, कोण उभे राहिले, बायकांनी काय मागितले आणि काय मिळाले, एवढे लिहा. पुढच्या अंकात ती पत्रे छापू.