मोकळी हवा : चोवीस तास रानांत

खेळाची गोष्ट निघाली म्हणजे कोण जिंकलें व किती गुणांनीं, एवढेंच आपण बहुधा विचारतों. परंतु जगांत असाहि एक खेळ आहे कीं, ज्यांत धांवण्याची सक्ति नाहीं, आंखून दिलेली वाट नाहीं, प्रेक्षक तर मुळींच नाहींत, आणि ज्यांतले पुष्कळसे खेळाडू मध्यरात्रीच्या सुमारास एखाद्या खडकावर बसून, "आपण या घटकेला नेमके कोठें आहों?" या एकाच प्रश्नाचा खल करीत असतात. या खेळाला ‘रोगेनिंग’ असें म्हणतात. नांवांत ‘रोग’ ऐकूं येतो म्हणून वाचकांनीं दचकूं नये. तो केवळ कानाचा भास आहे.

या खेळाचें माहेर ऑस्ट्रेलिया. तेथील मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळानें १९४७ सालीं चोवीस तासांच्या चालीची एक स्पर्धा सुरू केली. पुढें १९७६ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत तिला रीतसर नियमांचें रूप आलें, आणि रॉड फिलिप्स, गेल डेव्हिस व नील फिलिप्स या तिघा संस्थापकांच्या नांवांचे तुकडे जोडून हें नवें नांव घडविण्यांत आलें. पहिली जागतिक स्पर्धा १९९२ सालीं त्याच प्रांतांत झाली. त्यानंतर हा खेळ युरोप, अमेरिका, न्यूझीलंड असा हिंडत राहिला. २०१५ सालीं फिनलंडच्या उत्तर भागांत जागतिक स्पर्धा भरली, तर २०१६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या अगदीं पोटांत, ॲलिस स्प्रिंग्ज येथील रुक्ष माळावर.

रीत अशी. पुष्कळदां शंभर चौरस किलोमीटरांहूनहि मोठ्या अशा रानांत पन्नास-साठ ठिकाणीं नारिंगी व पांढऱ्या रंगाचीं निशाणें टांगून ठेवितात. प्रत्येक ठाण्याला गुण असतात. जवळच्या व सोप्याला थोडे, दूरच्या व अवघडाला अधिक. दोनांपासून पांचांपर्यंत माणसांची एक तुकडी. सुरुवातीच्या दोन-तीन तास आधीं नकाशा हातीं पडतो, तोंवर कोणालाच कांहीं ठाऊक नसतें. मग चोवीस तासांत ज्या क्रमानें वाटेल त्या क्रमानें हिंडावें व गुण मिळवावेत. होकायंत्र चालतें, परंतु आकाशांतील उपग्रहांकडून ठिकाण सांगणारें कोणतेंहि यंत्र चालत नाहीं, आणि दूरध्वनीचा उपयोगहि करतां येत नाहीं. वेळ संपल्यावर परत आलें तर दर मिनिटाला दहा गुण कापतात, आणि अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला कीं रात्रभराची सगळी कमाई शून्य! पेरलेल्या शेतांतून जावयाचें नाहीं, कुंपण मोडावयाचें नाहीं, हेहि नियमच आहेत. मूळ मुक्कामावर मात्र गरम अन्न शिजत असतें. तेथें केव्हांहि यावें, जेवावें, हवें तर दोन घटका झोंपावें. घड्याळ तेवढें थांबत नाहीं.

नकाशा हातीं आल्यापासून निघेपर्यंतचा वेळ हा आमच्या मतें या खेळाचा निम्मा भाग होय. तुकडी जमिनीवर नकाशा पसरते, ठाण्यांवर टांचण्या टोंचते, आणि एक साधी दोरी त्या टांचण्यांभोंवतीं फिरवून एकंदर अंतर मोजते. दोरी सर्वांसमोर असल्यामुळें महत्त्वाकांक्षा कोठें व शक्ति कोठें संपते, हें लगेच दिसतें. चढाचा हिशेब निराळा धरावा लागतो. १८९२ सालीं विल्यम नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉच गिर्यारोहकानें त्याचा एक ठोकताळा घालून दिला : तासाला तीन मैल, आणि चढाच्या दर हजार फुटांना अर्धा तास अधिक. एवढें जुनें गणित, पण अजून त्यावांचून चालत नाहीं. अर्थात् हें दिवसाच्या चालीचें गणित. रात्रीं, कांट्याकुट्यांतून, पेंगुळलेल्या माणसांकरितां त्यांत किती भर घालावयाची, तें ज्याचें त्यानेंच शिकावें.

सूर्य मावळला कीं खेळाचें स्वरूप पालटतें. दिवसा मनुष्य डोळ्यांनीं चालतो, दूरचें शिखर हेरून तिकडे वळतो. रात्रीं कपाळावरच्या बत्तीचा प्रकाश जेमतेम समोरच्या झुडुपापर्यंत. मग ओढ्याचा कांठ किंवा डोंगराची सोंड, असा कांहीं तरी कठडा धरून चालावें लागतें, आणि पावलें मोजावीं लागतात. दोन पावलें मिळून एक, असें धरल्यास सपाटीवर शंभर मीटरांना सुमारें पासष्ट भरतात; चढावर व गचपणांत पुष्कळच अधिक. ओढ्यावरील ठाणें शोधावयाचें असेल तर कुशल माणसें नेमकी ठाण्याची दिशा न धरतां मुद्दाम थोडी डावीकडची धरतात. म्हणजे ओढा लागल्यावर उजवीकडे वळावें कीं डावीकडे, हा संशयच राहत नाहीं. अचूकपणाच्या हट्टापेक्षां ही ठरवून केलेली चूक किती शहाणपणाची!

दक्षिण गोलार्धांत आपल्या अंगवळणीं पडलेलें दिशाज्ञानहि उलटें होतें. मेलबर्नकडे मध्यान्हीं सूर्य उत्तरेला असतो. ध्रुवतारा मुळींच दिसत नाहीं. आपण ज्याला त्रिशंकु म्हणतों, तो तारकासमूह तेथील वाटाड्या. त्याचा लांब दांडा सुमारें साडेचार पट पुढें वाढविला म्हणजे दक्षिण ध्रुवाची जागा सांपडते. आपल्याकडे हिवाळ्यांत दक्षिण क्षितिजाजवळ थोडा वेळ दर्शन देऊन जाणारा अगस्ति तेथें जवळजवळ डोक्यावर चढतो. होकायंत्राचेंहि तसेंच. महाराष्ट्रांत चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत एक अंशाचाहि फरक पडत नाहीं, म्हणून आपण तो विसरूं शकतों; मेलबर्नच्या आसपास तो अकरा अंशांहून अधिक आहे. तो विसरल्यास एका किलोमीटरावर जवळजवळ दोनशें मीटर बाजूस जाणें होतें. याकरितां स्पर्धेच्या नकाशांवर चुंबकीय उत्तरेच्याच रेषा आंखून देतात.

येथपर्यंत झाली ती विद्या. परंतु या खेळाविषयीं कौटुंबिक मासिकांत लिहिण्याचें खरें कारण निराळें आहे. नियम असा आहे कीं, तुकडींतील माणसांनीं चोवीस तास एकमेकांच्या हांकेच्या अंतरांत राहिलें पाहिजे. चपळानें पुढें जाऊन गुण घेऊन यावे व मंदानें झाडाखालीं वाट पाहावी, हें चालत नाहीं. एकाला सोडावयाचें असेल तर सर्वांनीं त्याला घेऊन मुक्कामावर परतावयाचें. अर्थात् तुकडीची चाल म्हणजे तिच्यांतील सर्वांत हळू चालणाराची चाल. आणि कोण हळू आहे, हें बारा तासांनीं बदलतें. दुपारीं सर्वांपुढें उड्या मारणारा तरुण पहांटे तीन वाजतां पाय ओढूं लागतो, आणि संध्याकाळपासून मुकाट्यानें मागून चालणाऱ्या पन्नाशीच्या बाईंची चाल तशीच्या तशी असते. चाळीस, पंचावन्न व पासष्ट या वयांनंतरचे निराळे वर्ग या स्पर्धेंत ठेविले आहेत. स्त्रियांचा व मिश्र तुकड्यांचाहि निराळा वर्ग असतो.

समजा, चौघांची एक तुकडी आहे. वेळ रात्रीं दोनची. नकाशा वडीलधाऱ्या, अनुभवी गृहस्थांच्या हातीं. दोन सोंडांमधील एका घळींत ठाणें असावयास हवें, पण तेथें तें नाहीं. थकलेल्या मेंदूची एक ठरलेली खोड आहे : तो जमिनीप्रमाणें नकाशा न वाचतां नकाशाप्रमाणें जमीन वांकवूं लागतो. "हा ओढा म्हणजेच तो ओढा, ही घळ थोडी उथळ दिसते, पण झाडीमुळें तशी वाटत असेल." प्रत्येक वाक्य एकेकटें पटण्यासारखें असतें, आणि सर्व मिळून तुकडीला शेजारच्या भलत्याच खोऱ्यांत घेऊन जातात. अशा वेळीं पावलें मोजण्याचें काम जिच्याकडे आहे, ती तुकडींतील सर्वांत लहान मुलगी बोलली पाहिजे : "माझीं पावलें नऊशेंच झालीं. आपण अजून पोंचलोंच नाहीं." ती बोलली तर दहा मिनिटांत उलगडा होतो. वडील माणसाला कसें खोडावें म्हणून ती गप्प राहिली तर दोन तास जातात.

आपल्या घरांतून कोणत्या वेळीं कोणीं बोलावें याचें वळण फार लहानपणापासून लागतें, आणि त्यांत पुष्कळ चांगलें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्या या वळणामुळेंच. पण रानांत रात्रीं दोन वाजतां मान राखणें म्हणजे ज्याचा मान राखावयाचा त्यालाच संकटांत लोटणें होय. चांगल्या तुकड्या यावर एक तोड काढतात. नकाशा एकानें धरावयाचा, पण तो मोठ्यानें वाचावयाचा. "आतां डाव्या हातास ओढा, पुढें चढ, मग पठार," असें बोलूनच निघावयाचें. मग ओढा उजव्या हातास वाजूं लागला तर तें सांगणें म्हणजे उलट उत्तर देणें ठरत नाहीं; ती केवळ बातमी होते. आणि संशय आला कीं जेथें आपण निःसंशय होतों त्या शेवटच्या जागीं परत जावयाचें, हा ठराव निघण्यापूर्वींच करून ठेवावयाचा, म्हणजे ऐन वेळीं मानापमान आड येत नाहीं.

दुसरी गोष्ट थकव्याची. आपल्याकडील स्त्री, विशेषतः घरांतील सून, "दमलें" हा शब्द उच्चारावयास नाराज असते. पायाला फोड आलेला, डोकें धरलेलें, पण "कांहीं नाहीं, होईल बरें," हें ठरलेलें उत्तर. या सहनशीलतेचें कौतुक करण्याची आपल्याला संवय जडली आहे. रोगेनिंगमध्यें मात्र हा मोठा दोष मानावा लागेल. टांचेला चटका लागतांच सांगितलें तर पांच मिनिटांत पट्टी बसते. लपविलें तर पहांटे सर्वांनाच मैलोगणती मंद गतीनें परतावें लागतें. म्हणून जाणते लोक दर तासाला एकमेकांस विचारतात : पाणी प्यालांस का? खाल्लेंस का? पाय कसे आहेत? आणि उत्तर खरें देणें हें कर्तव्य समजतात. हाच प्रश्न दिवसांतून एकदां स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभें राहून कोणी विचारील काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. असो.

आतां आपल्याकडचें. सह्याद्रींत रात्रीं चालण्याची परंपरा कोणीं आपल्याला नव्यानें शिकवावी अशी स्थिति नाहीं. १६६० च्या आषाढांत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते रात्रींच, भर पावसांत. त्याच वाटेनें आज शेंकडों तरुण दरवर्षीं चालतात. वारीहि आहेच. परंतु दिंडीची वाट ठरलेली असते. येथें वाटच शोधावयाची आहे, हा भेद लक्षांत ठेविला पाहिजे. आणि आपला डोंगरहि निराळा. तो लाव्हाच्या थरावर थर रचून झालेला. म्हणजे थोडी सपाटी, मग एकदम तुटलेला कडा, पुन्हा सपाटी. सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशांवर सम-उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरांच्या अंतरानें असतात. दोन रेषांच्या मध्यें पंधरा मीटरांचा सरळ कडा दडून बसला तरी नकाशा त्याविषयीं अवाक्षर बोलत नाहीं! त्यांत पावसाळ्यांतील धुकें, कपारींतील आग्यामोहोळ, उघड्या विहिरी. यामुळें ऑस्ट्रेलियांतील नियम जसेच्या तसे उचलून सह्याद्रींत रात्रीं मुलें सोडावींत, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ज्यांना तसा उत्साह असेल त्यांनीं आधीं वन खात्याची परवानगी, गांवचा जाणता वाटाड्या व प्रत्येकाच्या गळ्यांत शिटी, एवढी सिद्धता करावी.

आरंभ दिवसाच करावा. मार्गशीर्षांतील एखादी सुटी, देशावरचें कडे नसलेलें मोकळें माळरान, सकाळीं आठापासून दुपारीं दोनपर्यंतचा वेळ. पंधरा ठिकाणीं रंगीत चिंध्या बांधाव्या व नकाशावर त्यांच्या खुणा कराव्या. तुकड्या मिश्र असाव्या : एक काका, एक सून, एक शाळकरी मुलगा अशा. शिदोरीला दशम्या, गूळ, भाजलेले दाणे व तिखटमिठाच्या पुऱ्या. गोड खाऊन खाऊन चवथ्या तासाला तोंडास जी शिसारी बसते तिला खारट पदार्थासारखा उतार नाहीं. ज्यांना चालवत नाहीं अशा आजी-आजोबांनीं मुक्काम सांभाळावा. आजींच्या देखरेखीखालीं पिठलें-भात शिजावा आणि घड्याळ व वही आजोबांच्या हातीं असावी. नातवाची तुकडी अकरा मिनिटें उशिरा आली तर त्यांनीं एकशें दहा गुण निष्ठुरपणें वजा करावेत, आणि मग वाढावयास सांगावें.