मूत्रपिंडांचा सांगावा

घरातील एखादे वडीलधारे माणूस दिवसेंदिवस फिकट दिसू लागते. चार पायऱ्या चढताच त्यास धाप लागते. अन्नावरची वासना उडते. मग शेजारीपाजारी सांगतात, “रक्त कमी झाले असेल, बीट द्या, खजूर द्या, लोहाची बाटली आणा.” सल्ला मायेचा असतो आणि पुष्कळदा तो लागूही पडतो. परंतु बाटल्यांमागून बाटल्या संपवूनही चेहऱ्यावर तजेला येत नाही, तेव्हा मूळ दोष ताटात नसून मूत्रपिंडांत असण्याचा संभव असतो. हा संबंध वाचकांच्या ध्यानी आणून द्यावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतू.

आपल्या रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिन या द्रव्यामुळे येतो. त्याच्या प्रत्येक रेणूत ‘हीम’ नावाची चार कोंदणे असतात व प्रत्येक कोंदणाच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसविलेला असतो. श्वासावाटे आलेला प्राणवायू या लोहास चिकटूनच सर्वांगास पोहोचतो. हे कोंदण आठ टप्प्यांनी घडते आणि अगदी शेवटच्या टप्प्यात त्यात लोह बसते. ही घडण हाडांतील मज्जेत, तांबड्या पेशी बाल्यावस्थेत असतानाच होते. तेथे दर सेकंदास सुमारे 20 लाख नव्या पेशी जन्मतात व प्रत्येक पेशी सुमारे 120 दिवस जगते.

या कामाचा सांगावा मज्जेकडे धाडतात ती मूत्रपिंडे. रक्तातील प्राणवायू उणा पडला की ती ‘एरिथ्रोपोएटिन’ नावाचा स्राव रक्तात सोडतात. हा स्राव मुख्यत्वे मूत्रपिंडांतच होतो, हे शिकागो येथील जेकबसन, गोल्डवॉसर व त्यांचे सहकारी यांनी 1957 साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. मूत्रपिंडे दीर्घकाळ आजारी राहिली म्हणजे हा सांगावा क्षीण होतो आणि बालपेशी हिमोग्लोबिनाने भरण्यापूर्वीच मरून जातात.

संकट एवढ्यावरच थांबत नाही. यकृतात ‘हेप्सिडिन’ नावाचे एक द्रव्य तयार होते. ते लोहाच्या कोठारास कुलूप लावते. निरोगी मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते साधत नाही. मग कोठारात लोह असूनही मज्जेस मिळत नाही आणि आतड्यांतूनही ते थोडेच शोषले जाते. कोंदण तयार, पण बसवावयास लोह नाही, अशी अवस्था होते. शिवाय रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे तयार झालेल्या तांबड्या पेशीही अल्पायुषी ठरतात. पोटात घेतलेले लोहाचे औषध अशा रुग्णास अपुरे का पडते, हे यावरून कळून येईल.

यावर उपाय मात्र सापडला आहे. गोल्डवॉसर यांनी जपानी सहकारी मियाके यांच्या साहाय्याने रुग्णांच्या 2550 लिटर लघवीतून या स्रावाचा अंश 1977 साली शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पुढे तो कृत्रिम रीतीने बनविता येऊ लागला व 1989 साली अमेरिकेत औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. आज त्याची टोचणी आपल्याकडेही मिळते; जरूर पडल्यास लोह शिरेतून देतात. तथापि हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके वर नेण्याचा हट्ट धरल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

गृहिणींनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. बीट, खजूर व शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम पुष्कळ असते. दुबळी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते रक्तात वाढल्यास हृदय बंद पडू शकते. प्रेमाने भरविलेला घास असा घातक ठरू नये. दुसरी गोष्ट भस्मांची. काही भस्मांत शिसे आढळले आहे. शिसे हीमच्या घडणीतच बिघाड करते आणि मूत्रपिंडांसही इजा करते; म्हणजे अशक्तपणावरचा उपायच अशक्तपणाचे कारण होतो. सांधेदुखीसाठी मनास येईल तशा वेदनाशामक गोळ्या घेणेही मूत्रपिंडांस असेच बाधते.

मूत्रपिंडे बहुधा मुकाट्याने झिजतात. वेदनेने हाक मारीत नाहीत. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. आणि घरातील माणूस उगाच फिकट पडत चालले, तर टॉनिकाची पुढची बाटली आणण्यापूर्वी हीच तपासणी करून घ्यावी. वेळीच कळले तर झीज पुष्कळ अंशी लांबविता येते.